चार शब्दांचे आठ रुपये

चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यातून मला मोबाइलवर एक फोटो आला. निळी पाटी, पांढरी ठसठशीत अक्षरं: 'आम्ही कधीही कोपरे कापत नाही.' खाली प्रश्न होता, 'सर, हे बरोबर आहे का? कामगार हसतात.'

मी भाषांतरावर पोट भरणारा माणूस आहे. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, मिक्सरची माहितीपुस्तिका, विम्याच्या कागदावरचा मुंगीएवढा मजकूर, म्हणजे जे कुणीच वाचत नाही, ते मी मराठीत आणतो. दर शब्दाला दोन रुपये, मूळ इंग्रजी शब्द मोजून. मराठी पाटी वाचून कुणी हसलं, म्हणजे निदान कुणी वाचली तरी, याचंच मला आधी अप्रूप वाटलं. मग फोन केला.

त्या कारखान्यात विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे डबे तयार होतात. परदेशातल्या मुख्य कार्यालयाने जगभरच्या आपल्या कारखान्यांना एक घोषवाक्य धाडलं होतं: 'वुई नेव्हर कट कॉर्नर्स.' इथल्या कुणीतरी ते फोनमधल्या भाषांतरयंत्रात घातलं आणि जे बाहेर पडलं ते तसंच्या तसं रंगाऱ्याच्या हातात दिलं. कोपरे न कापण्याची शपथ रंगवून वाळेपर्यंत पहिला कोपरा कापून झालेला होता.

कामगार मात्र त्यासाठी हसत नव्हते. पाटी जिथे टांगली होती तिच्या बरोबर खाली जे नॉचिंगचं मशीन आहे, त्याचं कामच मुळी दिवसभर पत्र्याचे कोपरे कापायचं. सपाट पत्र्याचा डबा करायचा तर चारी कोपऱ्यांतले चौकोन आधी काढून टाकावे लागतात, नाहीतर कडा दुमडताना पत्र्यावर पत्रा चढतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याची पेटी केलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. त्या मशीनवरच्या मुलाने पाटी वाचून सुपरवायझरला विचारलं, "साहेब, कोपरे कापायचे नाहीत, तर डबा दुमडायचा कसा?" सुपरवायझरने एचआरला विचारलं, एचआरने मला.

"चारच शब्द आहेत सर," एचआरमधली मुलगी म्हणाली. "दहा मिनिटांचं काम."

मी हो म्हणालो. ती माझी चूक.

अर्थ सांगायला काहीच अवघड नाही. काम जसं करायला हवं तसं करायचं नाही; वेळ, पैसा किंवा कष्ट वाचवायला मधल्या पायऱ्या गाळायच्या, माल हलका वापरायचा, नियमाकडे काणाडोळा करायचा आणि वरून सगळं ठीकठाक दिसेल एवढं बघायचं, याला इंग्रजीत कोपरे कापणं म्हणतात. शॉर्टकट हा त्याचा चुलतभाऊ, पण स्वभावाने बरा. शॉर्टकट माहीत असलेला रिक्षावाला आपल्याला हवा असतो. कोपरे कापणारा बिल्डर नको असतो. शॉर्टकट सांगताना माणूस आवाज खाली आणून थोडा फुशारकीनेच सांगतो. कोपरे मात्र कायम दुसरेच कापतात. 'मी कोपरे कापतो' असं म्हणणारा इंग्रज मला अजून पुस्तकातसुद्धा भेटलेला नाही. शिवाय बदनाम व्हायला अनेकवचन लागतं. एकच कोपरा कापला, तर तो बहुधा रस्त्यावरचा खराखुरा कोपरा असतो.

तसा खरा कोपरा मार्क ट्वेनच्या 'दि इनोसंट्स अब्रॉड' या प्रवासवर्णनात आहे. व्हेनिसचा गोंडोलावाला कालव्याच्या वळणावर कोपरा इतका चाटून जातो, की आत बसलेला ट्वेन अंग चोरून घेतो. त्यात निंदा कुठेच नाही. उलट त्या माणसाच्या हाताच्या सफाईवर तो बेहद्द खूश आहे. म्हणजे कोपरा जवळून कापणं हे तिथे कसब आहे! हे पुस्तक १८६९ सालचं. पुढे १८९६मध्ये हा गृहस्थ व्याख्यानं देत मुंबईतही येऊन गेला. इथल्या टांगेवाल्यांनी त्याला किती वेळा अंग चोरायला लावलं असेल, कोण जाणे.

आणि गंमत म्हणजे त्याच १८६९च्या नोव्हेंबरात माणसाने तोपर्यंत कापलेला सगळ्यात मोठा कोपरा वाहतुकीला खुला झाला: सुएझचा कालवा. तोवर लंडनहून मुंबईला येणारं जहाज अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायचं. कालव्याने समुद्रातली वाट सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली. त्याला कुणी कोपरे कापणं म्हटलं नाही, प्रगती म्हटलं. २०२१च्या मार्चमध्ये ४०० मीटर लांबीचं एक मालवाहू जहाज त्या कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं, तेव्हा मागची काही जहाजं मुकाट्याने पुन्हा आफ्रिकेला वळसा घालायला निघाली. सिंहगड रोड तुंबला, की आपण मागल्या गल्लीत स्कूटर घालतो, तेच उलट्या दिशेने.

जरा कागद-पेन्सिल घेतो. काटकोनातल्या दोन समान बाजू चालून जायच्या तर शंभर पावलं पडतात असं धरा. तिरपं गेलं तर सुमारे एकाहत्तर. एकोणतीस पावलं वाचली. ही तिरपी बाजू जी आपल्याला एकोणतीस पावलं फुकट देऊन टाकते, तिचं मराठी नाव कर्ण आहे. भूमितीची परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात बिचारा कान असणार, पण मला शाळेपासून तो दानशूर कर्णच वाटत आला.

युक्लिडने हे रीतसर सिद्ध केलंय: त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्याच असतात. त्यावर एपिक्युरसच्या पंथातल्या लोकांनी त्याची टर उडवली होती. म्हणे, हे सिद्ध काय करायचं? गाढवालासुद्धा कळतं. एका टोकाला गाढव उभं करा, दुसऱ्या टोकाला गवत ठेवा, ते काय दोन बाजू फिरून जाणार आहे? ही हकिकत पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने नोंदवून ठेवली आहे. त्यानेच आणखी एक सांगितलंय. टॉलेमी राजाने युक्लिडला विचारलं, भूमिती शिकायला या तुझ्या ग्रंथापेक्षा जवळचा रस्ता नाही का? युक्लिडने उत्तर दिलं, की भूमितीला राजरस्ता नसतो. कर्ण सगळ्यात जवळचा, हे जगाला समजावून सांगणारा माणूस राजाला मात्र दोन्ही बाजूंनी चालत पाठवतो.

आमच्या सोसायटीतल्या गाढवांनी, त्यात मी आलोच, हा सिद्धांत हिरवळीवर काढून दाखवला आहे. फाटकापासून बी विंगपर्यंत पेव्हर ब्लॉकची काटकोनी वाट आहे. एक बाजू वीस पावलं, दुसरी वीस. मधल्या हिरवळीतून तिरपी पायवाट पहिल्या पावसाळ्यातच पडली. कमिटीने 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी लावली. पायवाट पाटीच्या डाव्या अंगाने गेली. मग नायलॉनची दोरी आली. दोरी ओलांडायला पाय जिथे उचलायचा तिथली माती आणखीच घट्ट झाली. शेवटी वार्षिक सभेत ठराव करून पायवाटेच्या मधोमध बोगनवेल लावली. आता लोक हिरवळीत शिरतात, बोगनवेलीला मोठा अर्धगोल वळसा घालतात, आणि पलीकडे निघतात. मी एकदा पावलं मोजली. त्रेचाळीस भरली. सरळ फरशीवरून गेलं असतं तर चाळीस. पण फरशीवरून आमच्यापैकी कुणी जात नाही, आता प्रश्न तत्त्वाचा झालाय. आणि सकाळी ही पावलं वाचवणारी हीच मंडळी रात्री जेवणं झाल्यावर त्याच फाटकापासून त्याच विंगपर्यंत येरझारा घालत असतात, मनगटावरच्या घड्याळात दहा हजार भरायची म्हणून.

कोपरे कापणाऱ्या माणसाचा सगळ्यात प्रामाणिकपणे स्वीकार कुणी केला असेल, तर मॅरेथॉनवाल्यांनी. ४२.१९५ किलोमीटरचा रस्ता मोजतात तो रस्त्याच्या मध्यातून नाही. पळणारा प्रत्येक वळणावर आतून, कडेला घासूनच जाणार, हे गृहीत धरून कडेपासून ३० सेंटिमीटरवरून मोजतात. वर मापात चूक नको म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा घालतात. म्हणजे कोपरा तुम्ही कापणार हे आम्हाला माहीत आहे, तो आम्ही आधीच कापून मोजलाय, आता पळा. तरीही १९०४च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये फ्रेड लॉर्झ नावाचा धावपटू मधले कितीतरी मैल मोटारीत बसून आला. मोटार बंद पडली, म्हणून उरलेलं अंतर पळत आला, आणि मैदानात पहिला शिरला! लोकांनी जयजयकार केला. बक्षीस मिळायच्या आत बिंग फुटलं, तेव्हा म्हणाला, मी गंमत करत होतो. मला त्यात सगळ्यात आवडते ती मोटार. तिने तरी वेळेवर बंद पडून आपलं काम चोख केलं.

पण माझ्या चार शब्दांचं काय? मी पहिला पर्याय पाठवला, 'आम्ही पाट्या टाकत नाही.' मला तो अगदी बेतशीर वाटत होता. पाटी म्हणजे माती वाहायची टोपली. तीत माती किती भरली, ती कुठे पडली, भराव बसला का, याच्याशी काही देणंघेणं नसलेला माणूस नुसत्या पाट्या टाकतो आणि संध्याकाळ करतो. मराठी माणूस सरकारी कचेरीपासून लग्नाच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांबद्दल हे म्हणतो. एचआरमधल्या मुलीचा तासाभराने फोन आला. "सर, पाटीवरच लिहायचं का, की आम्ही पाट्या टाकत नाही?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरं 'वेळ मारून नेत नाही' हे उत्पादन विभागाने फेटाळलं, कारण तिथे वेळ वाचवायचीच मोहीम चालू होती. 'थातूरमातूर करत नाही' हे कुणालातरी फार घरगुती वाटलं. 'दर्जाशी तडजोड करत नाही' हे सर्वांना पसंत पडलं, म्हणूनच मला नको होतं. ते वाक्य इतक्या भिंतींवर आहे, की त्याचा आता भिंतीला रंग दिल्याइतकाच अर्थ उरलाय.

घरी याच विचारात मी जेवता जेवता पुटपुटत होतो, "कट कॉर्नर्स, कट कॉर्नर्स." आईला आता जरा कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "कटाची आत्ता कुठली आमटी? होळीला महिना आहे."

मराठीत या 'कट'चं कल्याणच झालंय. टपरीवर कटिंग म्हणजे अर्धा चहा. तिथे निम्मं कापतात, पण पैसेही तेवढेच घेतात, फसवणूक नाही. लक्ष्मी रोडवर कुणी कट मारला, म्हणजे स्कूटरवाला हँडलला चाटून गेला, थेट ट्वेनचा गोंडोलावाला. मिसळीवर कट म्हणजे ती लाल तर्री. आणि आईच्या कानात शिरला तो सगळ्यात जुना कट: पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली, की चाळणीवर उपसून जे पाणी काढतात, ते.

गेल्या होळीला या कटावरूनच आमच्या घरी नाटक झालं. आईच्या हातात आता पोळी लाटायची ताकद नाही, म्हणून पुरणाचं मी अंगावर घेतलं होतं. आई खुर्चीवर बसून देखरेख करत होती. मी इंटरनेटवर बघून डाळ थेट बेताच्या पाण्यात कुकरला लावली, म्हणजे कट काढायला नको, पाणी जिरतं, वेळ वाचतो. गूळ घातला. पुरण पातळ झालं. म्हटलं, गार झाल्यावर आळेल. आई काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "डाव उभा करून बघ."

मी पुरणात डाव उभा केला. तो क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि हळूहळू कलत भांड्याच्या काठावर टेकला.

"झालं नाही," आई म्हणाली.

मी ऐकलं नाही. फ्रीजमध्ये ठेवलं, मग त्याचा गोळा उंड्यात भरला, लाटायला घेतला. दुसऱ्याच लाटण्याला पोळीच्या पोटातून पुरण बाहेर डोकावलं. तव्यावर टाकली तर फुटून ते तव्याला लागलं आणि गुळाचा काळा धूर निघाला. तीन पोळ्यांनंतर मी गॅस बंद केला. तेव्हा आई उठली, भिंत धरत ओट्यापाशी आली, सगळं पुरण परत पातेल्यात घालून मंद आचेवर ढवळत बसली. पंचवीस मिनिटं. मधेच डाव उभा करायची, तो पडायचा, ती परत ढवळायची. शेवटी उभा राहिला. ताठ मानेने, मिलिटरीतल्यासारखा. "आता लाट," म्हणाली आणि जाऊन खुर्चीवर बसली.

कुणी म्हणेल, जुन्या पिढीला शॉर्टकट चालत नाहीत. असं अजिबात नाही. माझ्या आजीच्या घरी पुरण पाट्यावर वाटायचे. आईने संसार मांडला तेव्हा पहिल्या पगारात पुरणयंत्र आणलं, आणि पाटा उचलून परसात टाकला तो कधी आत आणला नाही. डाळीला कुकर तिनेच लावला. वेलदोडे सोलायचे नाहीत, सालासकट साखरेबरोबर मिक्सरला लावायचे, ही तिचीच युक्ती. पण कट काढायचा म्हणजे काढायचा, आणि डाव उभा राहायचा म्हणजे राहायचा. यातलं काय का गाळायचं नाही, हे तिला विचारलं तर सांगता येत नाही. ती म्हणते, "अरे, ते तसंच असतं."

मी तिला माझी अडचण सांगितली. घोषवाक्याचा अर्थ समजावला. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग आपल्या गणपतीने काय केलं?"

बरोबर होतं तिचं. पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत. कार्तिकेय मोरावर बसून निघालासुद्धा, आणि हा आईबापांभोवती फेरी मारून हात जोडून उभा. विजेता घोषित! ज्या देवाच्या नावाने आपण प्रत्येक काम सुरू करतो, त्याने आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत अख्ख्या पृथ्वीचा कोपरा कापला. बिचारा कार्तिकेय नियमाप्रमाणे पूर्ण अंतर काटून आला आणि रुसून दक्षिणेला निघून गेला. मी आईला म्हटलं, "मॅरेथॉनमध्ये असतं तर गणपती बाद झाला असता." ती म्हणाली, "उंदरावर बसून तू काय केलं असतंस?"

यानंतर बोलायला काही उरत नाही.

आणि पूजेतसुद्धा बघा. षोडशोपचार म्हणजे सोळा उपचार, त्यात देवाला वस्त्रं आली, अलंकार आले. कुठून आणणार? तर वस्त्र म्हणून कापसाचं, आणि अलंकार नसतील तर त्यांच्या जागी चार अक्षता. शास्त्रानेच सोय करून ठेवली आहे. भटजीबुवा अगदी गंभीर चेहऱ्याने सोन्याच्या हाराऐवजी तांदूळ वाहायला लावतात आणि देव त्यावर रागावल्याचं ऐकिवात नाही. पण त्याच पूजेत आचमन चुकवून पुढे गेलात, तर बुवा डोळे उघडतात.

खरं सांगायचं तर मराठीला कोपऱ्यापेक्षा वळणाचं जास्त वेड आहे. अक्षराला वळण असतं. मुलाला वळण लावतात, आणि ते न लागलेल्या मुलाकडे पाहुणे कोणत्या नजरेने बघतात ते आईबापांना विचारा. घराणं चांगल्या वळणाचं लागतं. वळणाचं पाणी वळणावर जातं. इंग्रजीतल्या त्या चार शब्दांना मराठीत बसायला जागा का सापडत नव्हती, ते मला इथे थोडं कळलं. ज्यांच्या भाषेत रस्त्याचं वळण आणि माणसाची शिस्त यांना एकच शब्द आहे, ते वळण कापतील कसे?

रस्त्यावर मात्र बेधडक कापतात, ती गोष्ट वेगळी. बोरघाटात दर दोन वळणांनी पिवळ्यावर काळ्या अक्षरांत 'अति घाई संकटात नेई' असं लिहिलेलं असायचं, आणि त्या पाटीच्या पुढ्यातच ट्रकवाला ओव्हरटेक करायचा. त्याच घाटात खोपोलीच्या वर शिंग्रोबाचं देऊळ आहे. लोक सांगतात, की इंग्रजांना घाटातून वाट काही सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरं चढायची ती वाट दाखवली, आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली. इतिहास किती आणि दंतकथा किती, हा हिशेब तिथे कुणी करत नाही. गाडीचा वेग जरा कमी करून नाणं टाकतात, हात जोडतात आणि पुढच्या वळणावर पुन्हा कट मारतात. मला त्या देवळाचं फार नवल वाटतं. सह्याद्री उतरायचा शॉर्टकट शाळेत शिकलेल्या इंजिनियरला सापडला नाही, मेंढरांच्या मागे हिंडणाऱ्याला पायांनी माहीत होता.

घोषवाक्य असं अडलेलं असतानाच शिवायला टाकलेला माझा शर्ट तयार झाला. आमच्या गल्लीत एक शिंपीकाका आहेत, सत्तरीचे. मी गेलो तेव्हा ते दुसऱ्याच कुणाच्या शर्टाची कॉलर करत होते. कॉलरचे दोन थर उलटे ठेवून शिवले, आता ती उलटवायची. त्याआधी त्यांनी कात्री घेतली आणि शिवणीच्या बाहेरचा टोकाचा कोपरा कचकन कापला, शिवणीपासून सुतभर जागा ठेवून.

"काका, कोपरा का कापला?"

"मग टोक कसं येणार?" ते वर न बघता म्हणाले. त्यांनी कॉलर उलटवली, बोथट सुईने टोक बाहेर ढकललं. भाल्यासारखं आलं. मग त्यांनी खालच्या ढिगातून एक तयार शर्ट काढून दाखवला. कुणीतरी दुरुस्तीला टाकलेला, ब्रँडेड. "हे बघा. इथे कोपरा नाही कापला. आत कापड गोळा झालंय. म्हणून टोक असं, बटाट्यासारखं." मी माझ्या अंगातल्या शर्टाची कॉलर हळूच चाचपली. बटाटा होता. ती काकांनी शिवलेली नव्हती, एवढंच समाधान.

काकांनी कोपरा कापला म्हणून काम चोख झालं, ब्रँडवाल्यांनी कापला नाही म्हणून त्यांनी कोपरे कापले. हे इंग्रजीत कसं सांगणार?

शेवटी मी कारखान्यात जाऊन आलो. आठ रुपयांच्या कामासाठी दीडशेचं पेट्रोल जाळून. एचआरमधल्या मुलीने हेल्मेट, गॉगल, बुटांवर लोखंडी टोप्या, असं सगळं चढवून मला आत नेलं. कोपरे कापण्याच्या त्या मशीनवर तोच मुलगा होता. लातूरकडचा, वय बावीस-तेवीस. त्याने माझ्यासाठी एक पत्रा घेतला, खुणेला टेकवला, पॅडल दाबलं. खाड् आवाज झाला आणि चौकोनी तुकडा खाली पेटीत पडला. मग त्याने उरलेल्या आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे अगदी बारीक, नखाएवढी अर्धगोल खाच होती.

"हे पण काढावं लागतं बघा सर. एवढंच. नाही काढलं तर दुमडताना इथून पत्रा फाटतो. दिसत नाही कुणाला, वरून रंग बसतो. पण दोन वर्षांनी तिथूनच गंज धरतो."

"आणि कुणी नाही काढलं तर?"

तो हसला. "मग त्याचा डबा पुढच्या स्टेशनवाला परत पाठवतो. पाठवला नाही, तर आपण शिव्या देतो."

घरी येऊन मी आईचं रोजचं वाक्य लिहून पाठवलं. लहानपणी अंक गिरवताना, दप्तर भरताना, नंतर देवळातल्या प्रदक्षिणा पळत घालताना ती हेच म्हणायची. 'काम उरकू नका, करा.' सुपरवायझर खूश झाला. म्हणाला, हे पोरांना लगेच कळतं. पाटीचं मापही घेऊन झालं.

पण मुख्य कार्यालयाचा नियम असा, की स्थानिक भाषेत जे लिहाल ते परत इंग्रजीत करून तपासणीला पाठवायचं. एचआरने ते पुन्हा त्याच यंत्रात घातलं. दोन दिवसांनी तिकडून काळजीचा ईमेल आला. भारतातल्या कारखान्यात कामगारांना 'डू नॉट फिनिश द वर्क' असं का सांगितलं जात आहे?

आता मामला तिकडे अडकलाय. जुनी पाटी तिथेच आहे. परवा त्या मुलीने आणखी एक फोटो पाठवला. 'आम्ही कधीही कोपरे कापत नाही', आणि त्याखाली मार्करने, बऱ्यापैकी वळणदार अक्षरात, कुणीतरी लिहिलंय: 'नॉचिंग विभाग सोडून.'

मी माझं बिल पाठवलं. चार शब्द, आठ रुपये. हिशेबखात्याचं उत्तर आलं, की शंभर रुपयांच्या आतलं बिल सिस्टीम घेत नाही, पुढच्या कामात जोडून पाठवावं. पुढचं काम अजून आलेलं नाही.